तांडेलाने पगार विचारला

मंगळवार, १२ मे १९९८

सगळं बदललं ते आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, तेर्केसीलच्या उचलपुलावर. वेळ इतकी नेमकी सांगू शकतो, कारण मी घड्याळाकडेच बघत होतो. अकराची गाडी, साडेबाराला ग्रोनिंगेनमध्ये अर्थशास्त्राचा पेपर, आणि समोर तांबडे दिवे लागून पूल आकाशात उभा. खालून रेतीची एक बार्ज, लांब सपाट मालबोट, चालली होती, काठोकाठ भरलेली, गोगलगायीच्या चालीने. मी सायकलची घंटा बडवत होतो. बार्जच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, एक मुलगी उभी होती. पायात पिवळे गमबूट, खांद्यावर दोराचं वेटोळं.

मी ओरडलो, "आटपा ना जरा! माझी परीक्षा आहे!"

तिने मान वर केली. "मग अभ्यास कर की. पुलावर काय करतोयस?"

एवढंच बोलली आणि गेली. पूल खाली आला, दिवे विझले, मागच्या मोटारी भोंगे वाजवत मला वळसा घालून निघून गेल्या. मी आपला तिथेच, एक पाय जमिनीवर टेकवून.

पूलवाले बाउके काका वरच्या केबिनच्या खिडकीतून डोकावले. "सिब्रेन, गाडी चुकली?"

"चुकली."

"की चुकवली?"

मी सायकल कठड्याला टेकवली.

"वर ये. कॉफी गरम आहे."

वर दोन गोष्टी कळल्या. एक, तिचं नाव मिंके. बार्ज तिच्या वडिलांची, तांडेल वोब्बे यांची. दर मंगळवारी भरलेली जाते, दर शुक्रवारी रिकामी परत येते. दोन, काकांच्या जोडीचा हंगामी माणूस कमरेच्या दुखण्याने घरी बसला आहे आणि त्याच्या जागी माणूस हवा आहे.

पेपर आत्ता सुटला असेल. मला काहीही वाटत नाही. खोटं कशाला लिहू, मला फार छान वाटतंय!

शुक्रवार, १५ मे

घरी सांगितलं. बाबा शाळामास्तर, त्यांचा आवाज शेजारच्या गोठ्यापर्यंत गेला. "अडीच वर्षं अर्थशास्त्र शिकून पूल वरखाली करणार?"

मी म्हणालो, "अर्थशास्त्रात मी अडीच वर्षांत काही वर जाताना पाहिलं नाही. इथे निदान पूल जातो."

आई हसली. मग तिलाच बोलणी बसली.

सोमवारपासून कामावर.

मंगळवार, २६ मे

हाताला फोड आले आहेत. पूल विजेवर उठतो, फोड बुटाचे. मासे पकडायची काठी, तिच्या दोरीला लाकडी बूट. पूल उभा असताना शिडाच्या होड्या खालून जायला लागल्या की काठी झुलवून बूट नेमका होडीवाल्याच्या हातापुढे न्यायचा, त्याने पुलाचा कर म्हणून दोन गुल्डन टाकायचे, आपण बूट वर ओढायचा. काका हे काम बोलता बोलता करतात. माझा बूट काल एका जर्मन बाईच्या टोपीवर बसला.

दुपारी साखरेचा पाव खाताना विचारलं, "काका, तुम्हाला मिळतं तरी किती?"

"बायकोला सांगतो तेवढं."

"खरं सांगा ना."

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. हंगामी माणसाला तासाला पंधरा गुल्डन. शनिवारी दीडपट, रविवारी दुप्पट. एप्रिल ते ऑक्टोबर. नंतर कालव्यावर होड्या नाहीत, म्हणजे पगारही नाही. काका कायम आहेत, त्यांना हिवाळ्यातही मिळतो, पण एकतीस वर्षं झाली तरी वरची श्रेणी नाही, कारण बिनतारी यंत्राची परीक्षा त्यांनी दिली नाही. पाणदरवाज्यावरच्या, म्हणजे कालव्याचं पाणी वरखाली करून होड्या पुढे सोडणाऱ्या लोकांना आपल्याहून एक श्रेणी जास्त. का, तर पूलवाल्याला फक्त माणसं वैताग देतात, दरवाजेवाल्याला माणसं आणि पाणी दोन्ही.

"आणि बुटातले पैसे?"

"नगरपालिकेचे. बूट तेवढा आपला."

मिंकेची बार्ज सव्वादहाला गेली. भरलेली असली की ती इतकी खाली असते की मला फक्त तिचा भांग दिसतो.

शुक्रवार, ५ जून

पहिल्यांदाच शुक्रवारची पाळी मिळाली, आणि बार्ज रिकामी! रिकामी बार्ज पाण्यातून इतकी वर येते की नाळ जवळजवळ केबिनच्या खिडकीशी लागते. मी खिडकीत कोपर टेकवून उभा होतो आणि मिंके माझ्या नाकासमोरून गेली, हळूहळू, कोणी खास माझ्यासाठी ढकलत न्यावी तशी. तिच्या कानाखाली तीळ आहे.

"झाला का अभ्यास?" ती म्हणाली.

"सोडलं कॉलेज."

"का रे?"

"पूल उघडा होता."

ती हसली! पुढच्या वळणापर्यंत तिचं हसू ऐकू येत होतं. मागे सुकाणूवर तिचे वडील बसले होते, दगडी चेहऱ्याचे.

नंतर मी पूल खाली घ्यायचा विसरलो. दोन्ही बाजूंना मोटारी तुंबल्या. काकांनी बटण दाबलं आणि म्हणाले, "मंगळवार-शुक्रवार तुझा पगार खरं म्हणजे कापायला हवा."

मंगळवार, १६ जून

आज फार मोठा मूर्खपणा केला. म्हणजे त्या क्षणी तो मूर्खपणा वाटत नव्हता, आणि आत्ताही अर्धाच वाटतोय. एका चकचकीत होडीवाल्याने बुटात पैशांऐवजी शर्टाचं बटण टाकलं. वर हात हलवून "शुभेच्छा" पण म्हणाला! माझं डोकं सटकलं. बटण नेम धरून परत फेकलं. ते त्याच्याच मद्याच्या पेल्यात पडलं.

तक्रार आली. शिक्षा म्हणून माझे पुढचे तीन रविवार गेले. तीन रविवार म्हणजे दुप्पट दराने चोवीस तास, म्हणजे सातशेवीस गुल्डन, एका बटणापायी.

काका म्हणाले, "पगार कशाकशावर ठरतो ते तू विचारत होतास ना? त्यात डोकं राहिलं होतं सांगायचं. डोकं थंड असलं की रविवार मिळतात."

मिंके गेली तेव्हा मी रागाच्या भरात हातही हलवला नाही. गाढव.

मंगळवार, २३ जून

पत्र लिहिलं. सात वेळा. शेवटी चार ओळी ठेवल्या: तुझ्यासाठी कॉलेज सोडलं. आठवड्यातून दोनदा सहा मिनिटं मला पुरत नाहीत. तुझ्या मनात काय आहे? सिब्रेन, पुलावरचा.

घडी करून बुटात ठेवलं. बार्जवाल्यांना पुलाचा कर नसतो, त्यामुळे बार्जपुढे बूट कधी जात नाही. काकांनी भुवई वर केली. मी काठी झुलवली. इतका सुंदर नेम माझ्या हातून पूर्वी कधी लागला नव्हता. बूट गेला तो थेट नाळेवरच्या माणसाच्या हातात.

माणसाच्या! नाळेवर आज तांडेल वोब्बे होते. आणि मागे सुकाणूवर मिंके. तिची तांडेलकीची परीक्षा आहे म्हणून ती हल्ली बार्ज हाकायचा सराव करते, असं काका मागाहून म्हणाले. मागाहून!

"काका, आधी सांगता येत नव्हतं?"

"मला वाटलं तू आधी बघशील. पूलवाल्याने बूट सोडण्याआधी बघायचं असतं."

वोब्बे लंगडत खांबापर्यंत गेले, टेकले, चष्मा लावला, वाचलं. घडी करून खिशात घातलं. वर पाहिलं नाही. रिकामा बूट माझ्या दोरीला लटकत राहिला.

शुक्रवार, २६ जून

उत्तर आलं!! बार्ज खिडकीशी आली तेव्हा वोब्बेंनीच बोटाने खूण केली, बूट सोड. रेतीच्या पावतीमागे चौकोनी अक्षरात दोनच शब्द:

पगार किती?

मी केबिनमध्ये नाचलो. मुलीच्या बापाने पगार विचारला म्हणजे नकार नाही! नकार द्यायचा असता तर एवढं तरी कशाला लिहील माणूस? काकांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती बराच वेळ वाचली, दोन शब्दांना लागतो त्यापेक्षा बराच जास्त.

"वोब्बेचा गुडघा फार दुखतोय म्हणे," ते म्हणाले. "दोराचं काम होत नाही त्याच्याने."

"काका, मी काय दाखवतोय, तुम्ही काय सांगताय!"

"बरं बाबा," म्हणाले आणि दुर्बीण पुसायला लागले.

मंगळवार, ३० जून

दोन पानी उत्तर पाठवलं. अडीच वर्षांचं अर्थशास्त्र कुठेतरी कामी आलं म्हणायचं. तासाचा दर, शनिवार, रविवार, पावसाळी कोट आणि गमबूट सरकारी, हिवाळ्यात शून्य. शून्य लपवलं नाही. मात्र खाली लिहिलं की मी बिनतारी यंत्राच्या परीक्षेला बसतोय, पास झालो की श्रेणी वाढेल. बटणाचं प्रकरण गाळलं.

शुक्रवार, ३ जुलै

वोब्बेंचा उलट प्रश्न: रविवार धरून की सोडून? जेवण कोणाचं?

किती बारकाईने बघतात! रविवार सोडून कसं भागेल आमचं, हे बघत असणार. जेवणाचंही खरं आहे, मिंकेला स्वयंपाक आवडतो की नाही कोण जाणे. मी लिहिलं: रविवार सोडून महिना दोन हजार दोनशे. जेवण माझं मी आणतो, आई देते. (आईचं लिहायला नको होतं.)

मंगळवार, ७ जुलै

समोरून वाळूची बोट यायची होती म्हणून मिंकेची बार्ज पुलाखाली दहा मिनिटं थांबली. दहा! मी काकांच्या हातात बटणं देऊन जिना उतरलो. मिंकेने दोराचं टोक माझ्या अंगावर फेकलं.

"बांध खुंटाला."

मी बांधला. तिने झटका दिला. दोर सुटून पाण्यात.

"अशाने आम्ही डेन्मार्कला पोहोचू," ती म्हणाली. "परत बांध."

तिसऱ्यांदा जमलं. तिने ओढून पाहिलं, मान हलवली. "पाठीचं दुखणं वगैरे नाही ना तुला?"

"मला? छे!"

"वजन उचलतोस?"

"काकांना विचार. पिठाचं पोतं एकटा नेतो."

"समुद्र लागतो?"

"कालव्यावर कसला समुद्र?"

ती गमतीने बघत राहिली. "हिवाळ्यात आम्ही ऱ्हाइनवर असतो, माहीत आहे ना? सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत इकडे येत नाही."

माहीत नव्हतं.

वर येऊन कॅलेंडर काढलं. सप्टेंबर! म्हणजे दोन महिने उरले. तोवर काहीतरी पक्कं हातात हवं, बारमाही, वोब्बेंना दाखवण्याजोगं.

शनिवार, १८ जुलै

पक्कं मिळण्याजोगं आहे! प्रांताची कचेरी पुढल्या वर्षी चार पूल आणि पाणदरवाजे एकाच खोलीतून चालवणार आहे. शहरात तिसऱ्या मजल्यावर टीव्हीसारखे पडदे लावलेत, कॅमेऱ्यातून बघायचं, बटण दाबायचं. एक जागा. कायम. महिना तीन हजार दीडशे, पाळीचा भत्ता वेगळा. चार पुलांची जबाबदारी म्हणून दोन श्रेणी एकदम वर!

मी उड्या मारत काकांना सांगितलं. ते ऐकून घेत होते.

"तुम्ही अर्ज करणार?" एकदम माझ्या लक्षात आलं. "हा पूल पण त्या चारांत आहे..."

"मला पडद्यावर होडी दिसत नाही, डाग दिसतात. मला आधी निवृत्त करणार आहेत, थोडे पैसे देऊन." मग म्हणाले, "तू कर. नीट अक्षरात लिही. आणि सिब्रेन, तिथून मंगळवार-शुक्रवार दिसतील का, ते बघून घे."

दिसतील की! कॅमेरा आहे.

बिनतारीची परीक्षा पास झालो, हे लिहायचं राहिलं.

मंगळवार, ४ ऑगस्ट

आज त्या खोलीत चाचणी. थंडगार खोली, खिडक्यांना पडदे, समोर कॅमेऱ्यांचे आठ चौकोन. कचेरीतल्या हाख्मा बाई वही घेऊन मागे बसल्या होत्या. मी दोन पूल उघडले, पाणदरवाज्यांत पाणी भरलं, सोडलं, सगळं ठीक. मग सव्वादहा झाले आणि तिसऱ्या चौकोनात तेर्केसील. आमचा पूल, वरून, राखाडी. आणि बार्ज.

मिंके नाळेवर होती. अंगठ्याएवढी. तीळ नाही, भांगही नाही. तिने वर केबिनकडे पाहिलं. केबिन चाचणीपुरती बंद होती. तिने हात पुढे केला, बुटासाठी करतात तसा, आणि धरून उभी राहिली.

मी ध्वनिक्षेपकाचं बटण दाबलं. "मिंके! मी इथे आहे! शहरात! तिसऱ्या मजल्यावर!"

ती दचकून चहूकडे बघायला लागली. फक्त कॅमेऱ्याकडे तेवढं नाही. रस्त्यावरच्या आडव्या दांडीजवळ थांबलेले सायकलवाले हसत होते, ते मात्र स्पष्ट दिसलं.

"ध्वनिक्षेपक सूचनांसाठी असतो," हाख्मा बाई म्हणाल्या.

गेलंच, असं वाटलं. पण मागच्या बोटीसाठी पूल पुन्हा वर जायला लागला तेव्हा मी मध्येच थांबवला. बाई म्हणाल्या, का? मी म्हणालो, पुलाशेजारच्या वाण्याचा कुत्रा. सकाळी दहानंतर तो पुलाच्या दक्षिणेच्या कडेला गरम डांबरावर झोपतो, कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात येत नाही. त्यांनी फोन लावला. वाण्याने येऊन खरंच कुत्र्याला उचलून नेलं.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "आचरट आहात. पण पूल तुम्हाला दिसतो."

आनंद व्हायला हवा. होतोच आहे. तरी तो पुढे केलेला हात सारखा डोळ्यांपुढे येतो.

मंगळवार, ११ ऑगस्ट

निवड झाली! तीन हजार दीडशे! शुक्रवारी कचेरी बंद व्हायच्या आत होकार कळवायचा. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा जेवताना मला लोणी पुढे केलं.

आकडा मोठ्या अक्षरात लिहून बुटातून वोब्बेंना पाठवला. त्यांनी वाचला, आणि मला वाटलं होतं तसा त्यांचा चेहरा उजळला नाही. कागद मिंकेला दिला. तिने वाचला, बोळा केला, माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही. नीट वाचला नसेल का तिने? शून्य नीट काढलं होतं मी.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

होकाराचं पत्र सही करून टेबलावर ठेवलं होतं. दीड वाजता बार्ज आली, आणि पुलाखालून न जाता काठाला लागली. मग लोखंडी जिन्यावर पावलं. एक जड, एक हलकं, मग थांबणं. बावीस पायऱ्या आहेत. वोब्बे वर पोहोचले तेव्हा घामाघूम झाले होते. काका पाळीपेक्षा लवकर आले होते, त्यांनी खुर्ची सरकवली.

"बसत नाही," वोब्बे म्हणाले. "बसलो तर उठवत नाही. ऐक पोरा. एकोणीसशे. याच्या वर मला परवडत नाही. सहा आठवडे आकडे मांडतोय मी. जेवण आमचं, बार्जवरची पुढची केबिन तुझी, रविवारी बार्ज हलत नाही. तुझ्या तीन हजारांना मी पोहोचत नाही, ते सांगायला आलो. चिठ्ठीत बरं दिसलं नसतं."

मला काही समजेना. "एकोणीसशे कशाचे?"

"खलाशाचे! दुसऱ्या कशाचे? तुझं ते पत्र आलं, मी मिंकेला दिलं. ती म्हणाली, बाबा, आपल्याला माणूस हवाच आहे, त्याला कामाचं विचारा, आला तर आला. म्हणून मी पगार विचारला. तू दोन पानं पाठवलीस. मग रविवार पाठवलास, मग परीक्षा, मग श्रेणी. मी म्हणालो, पोरीचं नाव काढत नाही, नुसते आकडे. पैशावर जीव आहे याचा."

मी काकांकडे बघितलं. काका दुर्बीण पुसत होते.

"तुम्हाला माहीत होतं!"

"गुडघ्याचं सांगितलं होतं मी," काका म्हणाले. "जूनमध्ये."

मी खिडकीतून वाकलो. रिकामी बार्ज उंच होती, सुकाणूची खोली अगदी समोर. मिंके आत, दोन्ही हात चाकावर, डोळे सरळ पुढे.

"मिंके!"

"पगार ठरव आधी," ती न बघता म्हणाली. "मोठा माणूस झालायस. तिसरा मजला."

"मला वाटलं तुझे वडील जावई तपासतायत!"

आता तिने बघितलं. तोंड उघडं राहिलं तिचं. मग ती इतकी हसली की भोंग्याच्या दोरीवर कोपर पडलं आणि भोंगा वाजला. दांडीजवळचे सायकलवाले वर बघायला लागले.

"गाढवा," ती ओरडली, "आधी तीन महिने डेक घासून दाखव!"

"जमलं नाही तर जिथे असू तिथे उतरवीन," वोब्बे गंभीरपणे म्हणाले. "कोलोन असलं तरी. परतीचं भाडं देईन, एवढंच."

पक्की नोकरी सोडायची. हिवाळ्यातही तीन हजार दीडशे, दोन श्रेण्या, लोणी पुढे करणारे बाबा. त्याच्या बदल्यात तीन महिन्यांची परीक्षा, आणि परीक्षांच्या बाबतीत माझा लौकिक सगळ्या गावाला ठाऊक. मी बराच विचार केला असं लिहायला आवडलं असतं. टेबलावरचं पत्र उचललं, फाडलं, आणि कचेरीला दुसरं लिहिलं: आभारी आहे, येऊ शकत नाही. कुत्रा दहानंतर दक्षिणेच्या कडेला झोपतो, जो येईल त्याला सांगावं.

"हे टाकाल का काका? आणि घरी..."

"घरी तूच फोन कर. तुझ्या बापाचा आवाज मला इथूनही ऐकू येईल." त्यांनी सरकारी कोट माझ्या अंगावरून काढून घेतला, कॉलर झटकली, खुंटीला लावला. मग हात पुढे केला. मी हात धरला, तर त्यांनी मला जवळच ओढलं, पाठीवर दोन थापा मारल्या आणि लगेच बटणांपाशी जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून.

वोब्बे जिन्याच्या पहिल्याच पायरीवर अडले होते. मी त्यांच्या बगलेत खांदा दिला. नको म्हणाले, मग टेकले. वजनदार माणूस आहे.

"सिब्रेन," आतून काका म्हणाले. "पूल वर घेतोय मी. दारातून वारा आत येतो."

खाली मिंकेने इंजिन चालू केलं. मी एक हात वोब्बेंच्या कमरेला घातला, दुसरा मागे नेला आणि केबिनचं दार बाहेरून ओढून लावलं.